फरशीवर पाणी होतं त्या दिवशी

“वहाणा काढून पेटीवर ठेवा,” निवृत्ती म्हणाला. “मधोमध बसा, पाठीला पाठ लावून. हात मांडीवर. अन् एकदा बसलं की काठाला हात लावायचा नाय, काय वाट्टेल ते झालं तरी.”

“धरला तर काय होतं, काका?” माझ्या लेकीनं, स्तुतीनं विचारलं.

“ज्या अंगाला धरशील त्या अंगानं ती पाणी घेती. होडी नाय पोरी ही, गुळाची काहील हाय. हिला ना नाक ना शेपूट. जिकडं वजन तिकडं ती कलती.”

एकोणऐंशी सालचा सप्टेंबर संपत आला होता. वर धरणातून पाणी सोडलेलं, त्यात परतीचा पाऊस. प्रवरेवर आमच्या गावाला पूल नव्हता, नुसती दगडी फरशी होती, आणि तीन दिवसांपासून तिच्यावर पुरुषभर पाणी होतं. अशा वेळी निवृत्ती आणि त्याचा धाकटा भाऊ कारभारी गुऱ्हाळावरची काहील नदीत सोडत. उसाचा रस कढवायची ती लोखंडी कढई, चार माणसं मांडी घालून बसतील एवढी. दोघे भाऊ कमरेला वाळलेले भोपळे बांधून पोहत पोहत ती पलीकडे ढकलत नेत. अडलेलाच माणूस तिच्यात बसायचा.

आम्ही अडलेल्याच होतो. तालुक्याच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला स्तुतीची निवड झाली होती. पालकाला घेऊन संध्याकाळी पाचच्या आत मेट्रनसमोर उभं राहायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. आणि तारीख त्या दिवसाचीच होती.

“एक दिस थांबला असता तर पाणी उतरलं असतं,” कारभारी म्हणाला. “एवढी कशाची घाई?”

“पत्रच काल हातात आलं,” स्तुती म्हणाली.

“काल? तात्या पोस्टमन तर सायकलवर ताप घेऊन फिरतो, पण टपाल ठेवत नाय घरी.”

“पोस्टाचं काय सांगावं,” मी म्हणाले.

माझ्या सासूबाई, सगुणाबाई, नदीकडं तोंड करून उभ्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. साठी उलटलेली, अंगानं काडी, पण घरातून निघताना “मी पण येणार” म्हणाल्या आणि लुगड्याचा काष्टा घट्ट करून पुढं चालायला लागल्या. त्यांना नको म्हणायची माझी त्या दिवशी हिंमत नव्हती.

“आजी, तुम्ही कशाला?” निवृत्तीनं विचारलं.

“बुडाले तर गावात एक तोंड कमी. तरले तर नातीला सोडून येईन. तुझं काय जातंय? माझं वजन पायलीभर बाजरीएवढं.”

“वजनाचं नाय आजी. तुम्ही मधी गळा काढाल.”

“काढणारच. तुझे कान तर पाण्यात असतील.”

स्तुती हसली. सतरा वर्षांची होती. दोन वेण्या, निळ्या फुलांची साडी, ती पण शेजारच्या घरून मागून आणलेली. काहिलीत पाय ठेवताना तिनं एकदाही मागं वळून घराकडं पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. टेकाडावर आमच्या वस्तीचं छोटं चर्च, त्याच्या बाजूला बालवाडीची खोली. तिथं मी गावची पोरं सांभाळायचे. त्याच्या पलीकडं दफनभूमीची बाभळ. तिच्याखाली माझा नवरा, शमुवेल. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर गेला तो सातव्या दिवशी ट्रॅक्टरखाली सापडला. स्तुती तेव्हा सहा वर्षांची होती. घरातून बाहेरगावी गेलेलं माणूस म्हटलं की मला त्या दिवसापासून एकच चित्र दिसायचं.

आम्ही बसलो. स्तुती पुढं तोंड करून, मी तिच्या डाव्या अंगाला, आत्याबाई आमच्या पाठीला पाठ लावून. मध्ये तिची पत्र्याची पेटी. काहिलीच्या कड्या धरून दोघे भाऊ पाण्यात उतरले. गुडघाभर, कमरेभर, आणि मग एकाएकी काहील हलकी झाली, जमिनीपासून सुटली.

“हात,” निवृत्ती ओरडला. मी हात मांडीवर घेतले.

नदी सरळ ओलांडता येत नाही. वरच्या अंगाला शिरायचं आणि पाणी नेईल तसं तिरपं जात खालच्या अंगाला लागायचं. पलीकडच्या काठावर बांधाशी एक उंबर होता, त्याच्याकडं बोट दाखवून कारभारी म्हणाला होता, “तो उंबर गाठायचा. तो चुकला तर पुढं थेट गोदावरीत.” हे त्यानं चेष्टेत म्हटलं होतं की खरं, ते मला कळलं नाही.

पाणी गढूळ, दाट, वरून वाहून आलेला काडीकचरा घेऊन चाललेलं. काहील गरागरा फिरायची नाही, पण हळू वळायची. कधी आपलं गाव समोर यायचं, कधी पलीकडचा उंबर. आत्याबाईंनी खरंच गळा काढला.

त्यांना अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर बसल्या की सगळं पवित्र शास्त्र त्यांच्या ओव्यांत यायचं, त्यांच्या पद्धतीनं. येशू त्यांच्या ओवीत कधी दळणाला हात लावायचा, कधी शेताच्या बांधावर भाकरी सोडायचा. नव्या ओव्या त्या तिथल्या तिथं जुळवत.

लेक चालली दूर देशा, नदी लागली आडवी
येशू माझा तारणारा, हात देऊन चढवी

“आजी, दम लागतोय, हसवू नका,” निवृत्ती पाण्यातून म्हणाला.

“हसवतेय कुठं? प्रार्थना हाय ती.”

“मंग आमच्या नावाची पण करा.”

“तुमची आधी केली. तुम्ही बुडाले तर आम्ही कुठं जाणार?”

स्तुतीचे खांदे हसण्यानं हलत होते. मला हसू येत नव्हतं. मी पाण्याकडं पाहत होते.

नदीच्या मध्यावर आलो आणि वरून एक अख्खी बाभळ वाहत आली. मुळं वर, फांद्या खाली. कारभारीनं ती आधी पाहिली. “थांब, थांब, जाऊ दे तिला,” तो भावाला ओरडला. दोघांनी काहील मागं खेचली. झटका बसला. पेटी घसरून स्तुतीच्या पायावर आली, ती “आई गं” म्हणाली. बस. माझा उजवा हात तिच्या दंडावर गेला आणि डावा काठावर.

काहील माझ्या अंगाला कलली. काठावरून पाण्याची एक जाड पट्टी आत शिरली, थंडगार, आणि आमच्या मांड्यांखाली पसरली.

“हात सोड! बाई, हात सोड!” निवृत्ती ओरडत होता. “काठ सोड!”

मला ऐकू येत होतं. हात सुटत नव्हता. मी स्तुतीला आणखी जवळ ओढलं, त्यानं काहील आणखी कलली. पुन्हा पाणी आलं.

“आई, सोड ना!” स्तुती म्हणाली.

“पडशील तू.”

मग पाठीमागून आत्याबाईंचा आवाज आला. ओरडल्या नाहीत. त्यांनी मान मागं टाकून आपलं डोकं माझ्या डोक्याला टेकवलं आणि माझ्या कानापाशी, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तबीथा, पत्र मी स्तोत्रांच्या पानातून काढलं. तवा तुला काय बोलले नाय. आता बोलते. सोड तिला.”

माझे दोन्ही हात एकदम गळून पडले. जणू कुणी मनगटावर मारलं.

काहील परत सपाट झाली. बाभळ पुढून निघून गेली. तिची एक फांदी काहिलीला घासली, त्याचा करकर आवाज झाला. स्तुती ओंजळीनं पाणी बाहेर टाकायला लागली. “मधोमध बसून टाक, वाकू नको,” कारभारी म्हणाला. मी हात मांडीवर ठेवून बसले. पुढचं पाणी मी पाहिलंच नाही.

ते पत्र आदल्या दिवशी आलं नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी तात्या पोस्टमननं बालवाडीच्या दारात ते माझ्या हातात दिलं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली. उभ्या उभ्या वाचलं. मुलं भोवती गोंधळ घालत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. घरी आले, कोनाड्यातलं मोठं शास्त्र काढलं, स्तोत्रांच्या पानांत ते पत्र घातलं, शास्त्रावर हात ठेवला आणि म्हणाले, “प्रभू, हे तुझ्या हवाली. तुला पाहिजे तसं कर.”

आणि खरं सांगते, त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. मला वाटलं, माझा विश्वास वाढला. मंडळीत बायका उभ्या राहून साक्ष देतात ना, काळजी प्रभूवर टाकली आणि शांती मिळाली, तशी साक्ष द्यावी असं पण एकदा मनात आलं.

मग गुरुवारी बायकांची प्रार्थना आमच्याच घरी होती. पाळकसाहेबांच्या बाईंनी डोळे मिटून म्हटलं, “हे प्रभू, आमच्या स्तुतीचं पत्र लवकर येऊ दे.” सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी पण म्हटलं. आत्याबाई कोनाड्याखाली बसल्या होत्या, त्यांनी म्हटलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागला.

मी पत्र देवाला दिलं नव्हतं. तारीख उलटून जावी म्हणून देवाच्या आड लपवलं होतं.

पलीकडं उंबराच्या थोडं खालच्या अंगाला आम्ही लागलो. चिखलात पाय घोट्यापर्यंत गेले. निवृत्ती काठावर पालथा पडून धापा टाकत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, “बाई, तुझा हात लय जड हाय.” त्याला माझा राग आला होता आणि तो योग्यच होता.

“चूक झाली भाऊ,” मी म्हणाले.

पेटी डोक्यावर घेऊन दीड कोस चालत रस्ता गाठला. एसटी उशिरा आली. खिडकीशी स्तुती, तिच्याशेजारी आजी, मी मागच्या बाकावर. स्तुती मध्ये एकदा मागं वळून म्हणाली, “आई, आजी तुझ्या कानात काय म्हणाली?”

“सोड म्हणाल्या.”

“ते तर मी पण म्हणत होते.”

आत्याबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दवाखान्याच्या आवारात शिरलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. नर्सिंग स्कूलच्या ऑफिसात मेट्रन चक्रनारायणबाई कपाटाला कुलूप लावत होत्या. ठेंगण्या, पांढरी साडी इतकी कडक की वाकल्या की आवाज व्हायचा. आमच्याकडं पाहिलं, तिघींच्या कमरेखालच्या ओल्या चिखलानं भरलेल्या साड्यांकडं पाहिलं.

“सलाम बाई,” आत्याबाई म्हणाल्या.

“सलाम. कोण तुम्ही?”

“स्तुती शमुवेल उजागरे,” स्तुतीनं पत्र पुढं केलं. “बाई, उशीर झाला. नदीला पाणी होतं. काहिलीतून आलो.”

“कशातून?”

“गुळाच्या काहिलीतून.”

मेट्रननं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बारा मुली आल्या. यादीतली पुढची मुलगी बाहेर बाकावर बसलीये. उद्या सकाळी तिला तुझ्या जागेवर घेणार होते मी. आज का निघालीस? दोन दिवस आधी का नाही?”

“पत्र कालच मिळालं.”

“काल?” मेट्रननं पाकीट उलटं केलं. खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं. “तुमच्या गावच्या पोस्टाचा शिक्का नऊ दिवसांपूर्वीचा आहे. हा बघ.”

स्तुतीनं पाहिलं. तिला काही कळेना. “पण काल... आजीनंच दिलं मला. पोस्टमननं ठेवून घेतलं असेल. खरंच बाई, आमच्याकडचं पोस्ट...”

तात्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला. सायकल, खाकी पिशवी. माझ्याकडं कुणी पाहत नव्हतं. आत्याबाई सुद्धा नाही. त्या जमिनीवरच्या फरशा बघत होत्या. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पोस्टाला शिव्या घालून कदाचित मेट्रनबाई मऊ पण झाल्या असत्या.

“पोस्टानं वेळेवर दिलं,” मी म्हणाले. “मी दडवलं.”

मेट्रननं पाकीट खाली ठेवलं.

“कशाला?” मेट्रननं विचारलं.

“ही जाऊ नये म्हणून.”

स्तुतीनं माझ्याकडं वळून पाहिलं. रागानं नाही. ओळख नसल्यासारखं. ते जास्त वाईट होतं.

“नऊ दिवस?” ती म्हणाली.

“हो.”

“आणि गुरुवारी प्रार्थना... तू आमेन म्हटलंस.”

“म्हटलं.”

मेट्रन खुर्चीत बसल्या. टेबलावरचा टाचणीचा डबा इकडून तिकडं सरकवला. मग स्तुतीला म्हणाल्या, “तुला यायचंय इथं?”

“हो.”

“घरी भांडण झालं, आई रडली, म्हणून महिन्याभरात पळून जाशील?”

“नाही बाई.”

“रक्त बघून चक्कर येते?”

“बकरीचं बाळंतपण केलंय मी.”

“ते इथं कामाला येईल,” मेट्रन म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, जरा खालच्या आवाजात, “तीस वर्षं मी इथं आहे. पत्रं दडवणाऱ्या पुष्कळ आया पाहिल्या. कुणी चुलीत घालतं, कुणी पोस्टाला नावं ठेवतं. समोर उभं राहून सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” त्यांनी कपाटाचं कुलूप परत काढलं. “बाहेरच्या मुलीला मी वॉर्डात आयाचं काम बघते, पुढच्या वर्षी पहिला नंबर तिचा. आता ती पेटी इथं ठेवा आणि आधी कोरडे कपडे घाला तिघींनी. माझ्या स्कूलमध्ये कुणी ताप घेऊन दाखल होत नाही.”

फॉर्मवर खालच्या ओळीत छापलं होतं, माझी मुलगी अमुक हिला मी स्वखुशीनं संस्थेच्या देखरेखीखाली देत आहे. स्वखुशीनं या शब्दावर माझं बोट थांबलं. मेट्रननं पेन पुढं केलं. मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण पूर्ण आलं. तबीथा शमुवेल उजागरे.

जाताना स्तुतीनं आजीला मिठी मारली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग पेटी उचलली. माझ्यापाशी क्षणभर थांबली.

“येते,” म्हणाली.

“ये,” मी म्हणाले.

जिना चढून गेली. वळून पाहिलं नाही. मी तिला हाक मारली नाही. मारावीशी वाटली, खूप वाटली.

आम्ही दोघी तिथल्या चर्चच्या ओसरीत मुक्कामाला राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर चहा घेताना मी विचारलं, “आत्याबाई, तुम्हाला कसं कळलं?”

“रोज संध्याकाळी मी शास्त्र मांडीवर घेऊन बसते, वाचता येत नाय तरी. पानं उलटते. तिसऱ्या दिवशी ते पाकीट हाताला लागलं. वर दिवा होता छापलेला, दवाखान्याच्या औषधाच्या पुडीवर असतो तसा. तात्याला दाखवलं. त्यानं वाचून तारीख सांगितली, अन् कुणाला दिलं ते पण.”

“म्हणजे सहा दिवस तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाही?”

त्यांनी बशीतला चहा फुंकला. “म्हटलं, तू काढशील. रोज पाकीट परत त्याच पानात ठेवायची अन् प्रार्थना करायची, प्रभू, सुनेला बुद्धी दे. सहाव्या दिवशी मला कळलं, बुद्धी मला दिलीय, हात पण दिलेत, अन् मी पण तुझ्यासारखीच बसून राहिलीय. लोक मला विश्वासू म्हणतात.” त्या स्वतःशीच हसल्या.

“तुम्हाला भीती नाही वाटली? पोरीला पाठवायची?”

“शमुवेल तुझा नवरा होता. माझ्या पोटातून आला होता.” त्यांनी कप खाली ठेवला. “वाटली की. काल काहिलीत लुगडं भिजलं ना, ते सगळं काय नदीचं पाणी नव्हतं.”

मी एवढ्या जोरात हसले की चहावाला बघायला लागला. हसता हसता रडायला लागले. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसंच पुटपुटल्या, जात्यावर म्हणतात तशा सुरात:

काळजीचं दळण बाई, एकलीला सरंना
येशूबापा, लाव हात, खुंटा मला फिरंना

“एकलीनं ओढायचं नाय,” म्हणाल्या. “पण बसून पण राहायचं नाय. त्यानं हात लावला तरी आपला हात खुंट्यावर लागतो.”

पाणी उतरलं होतं. आम्ही फरशीवरून पायी घरी आलो. गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेत मी उभी राहिले आणि पत्राचं सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांच्या बाई उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या, एवढंच.

स्तुतीचं पत्र येईना. एक आठवडा, दोन, तीन. चौथ्या आठवड्यात तात्याची सायकल अंगणात थांबली. मी पुढं झाले, तर त्यानं हात मागं घेतला.

“तुमच्या हातात टपाल द्यायचं म्हणजे जोखीम,” तो म्हणाला. “आजीच्या नावाचं हाय. आजीलाच देणार.”

खरंच पाकिटावर नाव होतं, श्रीमती सगुणाबाई उजागरे. आत्याबाईंनी ते घेतलं, उलटंसुलटं केलं, नाकाला लावलं. मग माझ्याकडं दिलं. “वाच.”

घरात वाचणारी मी एकटी होते. स्तुतीला ते ठाऊक होतं.

मी उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचलं. आजी, सलाम. इथं पहाटे पाचला उठवतात. पहिल्या दिवशी मला नुसत्या चादरी घडी करायला लावल्या, चाळीस. एका म्हातारबाईनं माझा हात धरून मला तिच्या लेकीच्या नावानं हाक मारली, मी पण हो म्हणाले. मेट्रनबाई मला काहिलीवाली म्हणतात. आता सगळेच म्हणतात. वाईट नाही वाटत. जेवण बरं आहे, तिखट कमी. मग शेवटी एक ओळ होती. ती वाचताना मी थांबले.

“काय लिहिलंय?” आत्याबाई म्हणाल्या.

“लिहिलंय, आजी, आईला सांग, नाताळाला तीन दिवसांची सुटी आहे. न्यायला येऊ नको म्हणावं. मी माझी येईन.”

“येईल की,” आत्याबाई म्हणाल्या. “अजून एकदा वाच. चादरींपासून.”

दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत उन्हं कलली. रोज यावेळी आम्ही दोघी डोळे मिटून प्रार्थना करायचो, मोठ्यानं मी करायचे. शमुवेल गेल्यापासून स्तुतीसाठीची माझी प्रार्थना लांबलचक असायची. तिला सर्दी होऊ देऊ नको, तिला विहिरीपाशी जाऊ देऊ नको, रस्त्यानं जाताना गाडी येऊ देऊ नको. देवाला मी एकेक करून सगळं समजावून सांगायचे, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं.

त्या संध्याकाळी मी डोळे मिटले आणि म्हणाले, “प्रभू, स्तुती.”

आत्याबाई वाट बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा उघडला. “एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणाले, आणि उठून पीठ मळायला घेतलं.